भिलाईचे दिमशित्स साहेब

स्मरणिकेसाठी यंदा काहीतरी लिहाच, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. मी रुळांवर काम करणारा माणूस, लेखणीशी संबंध इन्स्पेक्शन रिपोर्टापुरता. पण ज्या प्लांटमुळे आपण सारे विदर्भातून, कोकणातून, कुठून कुठून येऊन इथे नांदलो, तो उभारणाऱ्या एका माणसाविषयी आपल्या मुलांना काहीच ठाऊक नाही, हे मनात होते. म्हणून हा प्रपंच.

व्हेनियामिन इमानुइलोविच दिमशित्स यांचा जन्म २५ सप्टेंबर १९१० रोजी क्रिमियातील फिओदोसिया या बंदराच्या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. विशीत असतानाच ते बांधकामावर रुजू झाले. सायबेरियातील कुझनेत्स्क, समुद्रकाठचे अझोवस्ताल, क्रिव्होय रोग, असे एकेक पोलाद कारखाने पालथे घालत ते उरल पर्वताजवळच्या मॅग्निटोगोर्स्कला पोहोचले. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या बांधकामाचा कारभार त्यांच्याकडे होता. पश्चिमेकडचे कारखाने जर्मनांच्या ताब्यात गेलेले, आघाडीवर रणगाड्यांना पोलाद हवे, अशा काळात मॅग्निटोगोर्स्कला नव्या ब्लास्ट फर्नेस उभ्या राहिल्या.

आता जी गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते ती सांगतो. मॉस्कोच्या बाउमन तंत्रविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली १९४५ साली, म्हणजे वयाच्या पस्तिशीला. तोवर पंधरा-एक वर्षे त्यांनी कारखाने बांधण्यात घालवली होती. आम्हा डिप्लोमावाल्यांना याचे मोल कळेल. पदवी नाही म्हणून बैठकीत मागच्या खुर्चीवर बसण्याचा अनुभव मीही घेतला आहे. कुठे ते सांगत नाही.

पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, त्यांना स्टालिन पुरस्कार मिळाला. या पुरस्काराची थोडी माहिती द्यायला हवी. स्टालिनच्या साठीच्या निमित्ताने डिसेंबर १९३९ मध्ये तो जाहीर झाला आणि १९४१ पासून देण्यात येऊ लागला. शास्त्रज्ञ, शोध लावणारे, लेखक, संगीतकार, नट, चित्रकार सगळे एकाच यादीत. संगीतकार शोस्ताकोविच यांना पहिल्याच खेपेला मिळाला. पहिल्या श्रेणीला एक लाख रुबल, दुसऱ्या श्रेणीला पन्नास हजार. समित्या शिफारस करीत, पण शेवटचा शब्द वरचा, बहुधा खुद्द स्टालिनचाच. विमानांचे रचनाकार तुपोलेव यांना तर १९३७ मध्ये अटक झाली, १९४१ मध्ये सुटका झाली आणि १९४३ मध्ये हाच पुरस्कार मिळाला! ज्या हाताने बेडी घातली त्याच हाताने पदक. आपल्याकडच्या पुरस्कारांबद्दल आपण कुरकुरतो, पण असा प्रकार तरी नाही.

युद्धानंतर दिमशित्स युक्रेनमधील झापोरिझ्झियाला गेले. तिथला पोलाद कारखाना युद्धात उद्ध्वस्त झाला होता. वाकलेले खांब सरळ करून, मलब्यातून सामान निवडून तो पुन्हा उभा केला गेला आणि १९४७ मध्ये पहिली ब्लास्ट फर्नेस पेटली. त्या वेळी त्या जिल्ह्याचे पक्षप्रमुख होते पुढे देशाचे सर्वेसर्वा झालेले ब्रेझनेव. १९५० मध्ये दिमशित्स यांना दुसऱ्यांदा स्टालिन पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या देशात ज्यूंविरुद्ध मोठी मोहीम सुरू होती, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, काहींचे प्राणही गेले. दिमशित्स मात्र टिकले. कारखाने बांधणाऱ्या माणसाची गरज होती, हे त्याचे एक कारण असावे.

आपल्या भिलाईचा करार २ फेब्रुवारी १९५५ चा. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती, हे नव्या पिढीला सांगूनही पटत नाही. वर्षाला दहा लाख टन पोलादाचा कारखाना ठरला. १९५७ मध्ये दिमशित्स बांधकामाचे सोव्हिएत मुख्य अभियंता म्हणून इथे आले. बर्फात काम केलेला माणूस मे महिन्याच्या दुर्गच्या उन्हात! राउरकेल्याला जर्मन, दुर्गापूरला इंग्रज आणि इथे रशियन, अशी तिहेरी चढाओढ होती. दल्ली-राजहऱ्याचे लोखंडी दगड, नंदिनीचा चुनखडक, तांदुला कालव्याचे पाणी, सगळे एकाच वेळी जमवायचे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी पोलादही निघाले आणि त्याच वर्षी दिमशित्स मायदेशी परतले. रेल मिल १९६० मध्ये सुरू झाली, ती पाहायला ते इथे नव्हते.

पुढे ते मंत्री झाले. १९६२ पासून १९८५ पर्यंत उपपंतप्रधान, शिवाय काही काळ नियोजन आणि बरीच वर्षे देशभरातील मालपुरवठ्याचे खाते. त्या काळी इतक्या वरच्या पदावर ज्यू माणूस दिसणे दुर्मीळच. मार्च १९७० मध्ये सरकारने इस्रायलविरोधात नामवंत ज्यूंची पत्रकार परिषद घडवली, तीत दिमशित्स यांनाही बसावे लागले. मनापासून बसले की नाही, कोण सांगणार? मला ते वाचून वाईट वाटले, पण घरबसल्या त्यांना दोष देण्याचे धाडस होत नाही.

स्टालिन गेल्यावर पुरस्काराचे नावही गेले. १९६६ मध्ये राज्य पुरस्कार सुरू झाला आणि जुन्या मानकऱ्यांची पदके व प्रमाणपत्रे त्या नावाने बदलून मिळाली. म्हणून त्यांच्या नंतरच्या चरित्रांत १९४६ आणि १९५० चे पुरस्कार 'राज्य पुरस्कार' म्हणूनच नोंदलेले दिसतात.

१९९१ मध्ये त्यांचा देशच नकाशावरून गेला. १९९३ मध्ये दिमशित्स वारले. मी रोज ज्या रुळांवरून चालतो त्यांवर भिलाईचा शिक्का असतो. नोकरी सांभाळून करायच्या पदवीचा फॉर्म यंदा मी भरला आहे. माझे वय दिमशित्स साहेबांच्या तेव्हाच्या वयापेक्षा दहा वर्षांनी जास्त आहे, असे मुलीने हिशेब करून दाखवले.