चोवीस वर्षांनी घरी परतलेला प्रवासी : इब्न बतूता

मध्ययुगीन जगाचे चित्र ज्या मोजक्या प्रवाशांमुळे आज आपल्यापर्यंत पोहोचले आहे, त्यांत मोरोक्कोच्या इब्न बतूताचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. उंट, घोडे आणि शिडाच्या जहाजांच्या त्या काळात त्याने सुमारे तीन दशकांत एक लाख किलोमीटरहून अधिक अंतर पार केले. या भटकंतीने त्याला कीर्ती दिली. तिची किंमतही त्याला मोजावी लागली.

इब्न बतूताचा जन्म १३०४ मध्ये टँजियर येथे काझींची परंपरा असलेल्या घराण्यात झाला. जून १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मक्केच्या यात्रेसाठी तो एकटाच घराबाहेर पडला. आई-वडील दोघेही हयात होते आणि त्यांचा निरोप घेणे त्याला जड गेले. यात्रा आटोपून तो परतेल, अशीच घरच्यांची अपेक्षा असणार. प्रत्यक्षात त्याला मायदेशी परतण्यास चोवीस वर्षे लागली.

अलेक्झांड्रियाचे प्रसिद्ध दीपगृह त्याने १३२६ मध्ये पाहिले, तेव्हा त्याची एक बाजू ढासळलेली होती. कैरोची गर्दी, दमास्कसची मशीद, शिराझच्या बागा पाहत तो पुढे सरकत गेला. एकदा तुडवलेली वाट शक्यतो पुन्हा धरायची नाही, हा त्याचा दंडक होता. अरबी भाषा आणि धर्मशास्त्राचे ज्ञान ही त्याची खरी शिदोरी. त्या बळावर पूर्व आफ्रिकेतील किल्वापासून मध्य आशियापर्यंत त्याला आश्रय, मान आणि प्रसंगी नोकरीही मिळत गेली. उझबेग खानाच्या बायझंटाइन राणीच्या लवाजम्यासोबत तो कॉन्स्टँटिनोपललाही गेला. तेथील हागिया सोफिया मात्र त्याने बाहेरूनच पाहिले. आत जाण्यासाठी क्रुसापुढे नतमस्तक व्हावे लागे आणि ते त्याला मान्य नव्हते.

सप्टेंबर १३३३ मध्ये त्याने सिंधू नदी गाठली. दिल्लीत महंमद तुघलकाने त्याला काझी नेमले. सुलतानाचे औदार्य आणि क्रौर्य ही दोन्ही रूपे त्याने जवळून पाहिली, स्वतःही संशयाच्या फेऱ्यात सापडला. अखेर सुलतानाने त्याला आपला दूत म्हणून चीनकडे धाडले. या प्रवासात तो आपल्या महाराष्ट्रातून गेला. दौलताबादचा अभेद्य किल्ला आणि तेथील अंधारकोठडीतील मांजरांहून मोठे उंदीर यांचे वर्णन त्याने केले आहे. नंदुरबार येथील मराठ्यांचे कलाकौशल्य, त्यांचे वैद्यक व ज्योतिषाचे ज्ञान, त्यांचा भात-भाजी आणि तिळाच्या तेलाचा आहार यांचीही त्याने नोंद घेतली.

कालिकतच्या किनाऱ्यावर मात्र दैव फिरले. चीनच्या बादशहासाठीच्या भेटवस्तू घेतलेले जहाज वादळात फुटले. इब्न बतूता नमाजासाठी किनाऱ्यावर थांबला होता म्हणून वाचला. रिकाम्या हाताने दिल्लीला परतण्याचे धैर्य त्याला झाले नाही. मग मालदीवमध्ये तो काझी झाला, तेथे त्याने संसारही थाटला. श्रीलंकेत लोखंडी साखळ्यांना धरून तो आदम शिखरावर चढला आणि तेथील पवित्र पाऊलखुणेचे त्याने दर्शन घेतले. पुढे चीनमधील झैतून, म्हणजे आजचे च्वानचौ, हे बंदरही त्याने पाहिले.

१३४८ मध्ये तो दमास्कसला परतला. वीस वर्षांहून अधिक काळापूर्वी येथे त्याने गर्भवती पत्नीला मागे सोडले होते. तिला मुलगा झाल्याचे कळल्यावर भारतातून त्याने मुलाच्या आजोबांकडे पैसेही पाठवले होते. आता कळले, की तो मुलगा बारा वर्षांपूर्वीच वारला. टँजियरचे वडीलही पंधरा वर्षांपूर्वी गेल्याचे येथेच समजले. त्याच वर्षी प्लेगने सीरिया आणि इजिप्त उद्ध्वस्त होत होते. दमास्कसमध्ये मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती एकत्र येऊन संकटनिवारणासाठी प्रार्थना करताना त्याने पाहिले. परतीच्या वाटेवर अलेक्झांड्रियाचे दीपगृह इतके ढासळले होते, की आत शिरणेही अशक्य झाले होते. १३४९ च्या अखेरीस तो मोरोक्कोत पोहोचला. पण त्याआधीच प्लेगने त्याची आईही हिरावून नेली होती. टँजियरला जाऊन त्याने तिच्या कबरीचे दर्शन घेतले.

तरीही पाय थांबले नाहीत. ग्रॅनडा पाहून १३५२ मध्ये सहारा ओलांडून तो मालीच्या राज्यात गेला. तेथील नदीकाठी पाणघोडे पाहून प्रथम ते हत्तीच असावेत, असे त्याला वाटले. मोरोक्कोच्या सुलतान अबू इनानच्या हुकमावरून तो परतला आणि इब्न जुझय्य या लेखकाला त्याने आपला प्रवास सांगितला. डिसेंबर १३५५ मध्ये पूर्ण झालेला हा ग्रंथ ‘रिहला’ या नावाने ओळखला जातो. त्यातील काही वर्णने पूर्वसुरींकडून घेतलेली आहेत आणि काही ठिकाणी तो खरोखर पोहोचला होता का, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. तथापि चौदाव्या शतकातील मालदीव आणि माली यांच्या इतिहासासाठी या ग्रंथाइतके मोलाचे साधन क्वचितच सापडेल.

अखेरची वर्षे त्याने मोरोक्कोत न्यायाधीश म्हणून काढली आणि १३६८-६९ च्या सुमारास त्याचे निधन झाले. एकोणिसाव्या शतकात हस्तलिखिते फ्रेंच अभ्यासकांच्या हाती लागली, १८५३ ते १८५८ दरम्यान ग्रंथ भाषांतरासह छापला गेला आणि युरोपला त्याची खरी ओळख झाली. ज्या घरी तो वेळेवर परतू शकला नाही, त्या टँजियरच्या विमानतळाला आज त्याचेच नाव आहे.