लखुजी जाधव
लखुजी जाधव (मृत्यू: २५ जुलै १६२९, दौलताबाद) हे निजामशाहीतील मातब्बर मराठा सरदार, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडचे देशमुख आणि जिजाबाईंचे वडील होते. त्यांचे घराणे देवगिरीच्या यादवांचे वंशज मानले जाते. त्यांच्या पत्नी म्हाळसाबाई, तर जावई शहाजीराजे भोसले होत. दरबारातून परतताना हत्ती बिथरल्यावरून उसळलेल्या चकमकीत लखुजींचे पुत्र दत्ताजी व शहाजीराजांचे चुलतबंधू संभाजी मारले गेले आणि जाधव-भोसले घराण्यांत वितुष्ट आले. काही काळ मोगलांच्या चाकरीत राहून लखुजी निजामशाहीत परतले. मात्र भर दरबारात मुर्तजा निजामशहाने त्यांची, पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची हत्या करवली. पुढे शहाजीराजांनीही निजामशाही सोडली. लखुजींची भव्य समाधी सिंदखेड राजा येथे आहे.