घराचा खरा हिशेब

घराची किंमत म्हणजे ते बांधताना मोजलेली रक्कम, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती अपुरी आहे. बांधणीचा खर्च एकदाच होतो. घर राहण्याजोगे ठेवण्याचा, विशेषतः विजेचा, खर्च मात्र घर उभे असेपर्यंत चालू राहतो. धरमतरच्या खाडीपासून पेण-रोह्यापर्यंत कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहत असताना हा हिशेब मांडणे अगत्याचे आहे. महात्मा गांधींनी तो स्वतः राहून मांडला होता.

गांधीजींचे चरित्र त्यांच्या निवासस्थानांवरूनही वाचता येते. १८६९ मध्ये पोरबंदरच्या वडिलोपार्जित तीनमजली घरात त्यांचा जन्म झाला. दक्षिण आफ्रिकेत १९०४ मध्ये फिनिक्स येथे आणि १९१० मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी वसाहती स्थापल्या. दुसऱ्या वसाहतीची जमीन देणारे हर्मन कालेनबाख स्वतः वास्तुविशारद होते. पण घाईच्या त्या दिवसांत घरे उभी राहिली ती पन्हाळी पत्र्यांचीच. १९१७ मध्ये साबरमतीच्या काठी आश्रम आला. १२ मार्च १९३० रोजी मिठाच्या सत्याग्रहासाठी त्यांनी तो सोडला, स्वराज्य मिळेपर्यंत न परतण्याच्या निश्चयाने. मिठागरांच्या धरमतर परिसराला त्या मिठाचे मोल वेगळे सांगावयास नको.

पुढे जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ते वर्ध्यास आले. याच पेण तालुक्यातील गागोद्यात १८९५ मध्ये जन्मलेले विनोबा तेथे १९२१ पासून आश्रम चालवीत होते. १९३६ मध्ये गांधीजी जवळच्या शेगावी राहावयास गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. झोपडीसाठी शंभर रुपयांहून अधिक खर्च होऊ नये, अशी त्यांची अट होती. प्रत्यक्षात ती पाळली गेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. पुढे ते मीराबेन यांच्या कुटीत राहू लागले. तीच आज बापूकुटी म्हणून ओळखली जाते. मातीच्या भिंती, बांबू, लाकूड, गावठी कौले आणि सावली धरणारा ओटा एवढीच तिची सामग्री. तिच्यासाठी खर्चिलेला पैसा मुख्यतः आसपासच्या कारागिरांच्या घरी गेला.

वर्ध्याचा उन्हाळा दाहक असतो. मातीची जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषते आणि रात्रीच्या तुलनेने थंड हवेत ती सोडून देते. ओट्यावर उतरलेले छप्पर मुळात भिंतीवर ऊनच पडू देत नाही. १९९१ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथे अत्यल्प ऊर्जेवर चालणारे प्रसिद्ध घर उभे राहिले. तेथे थंडी बाहेर ठेवावयाची होती, येथे ऊन. तत्त्व एकच: यंत्राचे काम शक्य तितके भिंतीने आणि छपराने करावे.

म्हणून सेवाग्रामची कुटी उचलून खाडीकाठी ठेवावी, असे नव्हे. कोकणात रात्रीही हवा दमट असते. जाड भिंतीला निवण्याची सवड मिळत नाही. धुवाधार पावसात मातीला दरवर्षी डागडुजी लागते आणि शाळा-कचेरीत दिवस घालविणाऱ्याला ती परवडत नाही. येथे महत्त्व आहे ते आरपार वाऱ्याला, उतरत्या छपराला आणि खोल वळचणीला. आपल्या जुन्या घरांची पडवी हेच काम करीत असे. उघडा स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री झोपणाऱ्यांवर ओततो. मग आधी पंखा, पुढे वातानुकूलन यंत्र आणि गृहकर्जाच्या हप्त्याच्या जोडीला विजेचे बिल, असा क्रम लागतो.

गांधीजींना मुंबईत भेटलेल्या लॉरी बेकर या इंग्रज वास्तुविशारदाने त्यांचा विचार पुढे केरळच्या अशाच दमट हवेत राबविला. विटांची जाळी, पोकळी राखून रचलेल्या भिंती आणि कौले घालून हलका केलेला स्लॅब यांतून त्यांनी खर्चही वाचविला आणि उष्माही. सिमेंट टाळणे हा मुद्दा नव्हता. ते जपून वापरणे हा होता.

१९४६ च्या ऑगस्टमध्ये गांधीजींनी सेवाग्राम सोडले. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली. ते तेथे पुन्हा परतले नाहीत. कुटी मात्र उभी आहे. तिला वंदन करणे सोपे आहे. नवे घर बांधू पाहणाऱ्या शिक्षकाने वा कारकुनाने नकाशावर सही करण्यापूर्वी वारा कोठून येतो, दुपारचे ऊन कोणत्या भिंतीवर पडते आणि स्लॅबवर सावली कशाची, एवढे तीन प्रश्न विचारावेत. घरकुल योजना आखणाऱ्यांनी व गृहकर्ज देणाऱ्या बँकांनीही ते विचारले, तर तो हिशेब केवळ एका कुटुंबाचा न राहता समाजाचा होईल.