मुंबईच्या गरीब मातांचे रक्त वाचविणाऱ्या डॉ. ल्युसी विल्स

फलटण : ग्रामीण भागातील आरोग्य उपकेंद्रांतून गरोदर स्त्रियांना लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मोफत मिळतात. त्यांतील फॉलिक ॲसिडचा शोध मुंबईच्या परळमधील हाफकिन संस्थेत सुरू झाला. त्याचे श्रेय डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज संशोधिकेला जाते.

विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफिल्ड येथे झाला. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्राचा अभ्यास त्यांनी १९११ मध्ये पूर्ण केला; मात्र त्या काळी हे विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. पुढे लंडनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयातून १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि रॉयल फ्री रुग्णालयात विकृतिशास्त्राकडे वळल्या.

१९२८ मध्ये डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या निमंत्रणावरून त्या मुंबईत आल्या. गरोदरपणातील तीव्र रक्तक्षयाने शहरातील गरीब स्त्रिया दगावत होत्या. या आजारात अस्थिमज्जेत रक्तपेशींची वाढ अर्धवट राहते. तांबड्या पेशी आकाराने मोठ्या, पण संख्येने अपुऱ्या तयार होतात. विल्स यांनी प्रथम जंतुसंसर्गाची शक्यता तपासली. तसा पुरावा मिळेना, तेव्हा त्यांनी रुग्णांच्या ताटाकडे लक्ष वळविले. निकृष्ट आहार घेणाऱ्या स्त्रियांतच हा आजार अधिक दिसत होता. उंदरांवरील प्रयोगांनी पुरेसे उत्तर दिले नाही, म्हणून त्यांनी माकडांवर प्रयोग केले. यीस्टपासून बनविलेला 'मार्माइट' हा स्वस्त पदार्थ माकडांना आणि रुग्ण स्त्रियांनाही गुणकारी ठरला. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शुद्ध केलेल्या यकृतार्काने हा आजार हटत नव्हता. यावरून मार्माइटमधील गुणकारी घटक वेगळाच असल्याचे स्पष्ट झाले. तो पुढे 'विल्स घटक' म्हणून ओळखला गेला.

१९४१ मध्ये पालकाच्या पानांतून हे द्रव्य वेगळे काढण्यात आले व त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील पथकाने १९४५ मध्ये ते कृत्रिमरीत्या तयार केले. त्याच प्रयोगशाळेत फॉलिक ॲसिडचे कार्य रोखणारे अमिनोप्टेरिनही तयार झाले. पेशींना विभाजनासाठी फॉलिक ॲसिड लागते. ते अडविले की ल्युकेमियाच्या पेशींची वाढ खुंटते. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये १६ बालरुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० मुलांना तात्पुरता का होईना, आराम पडला होता. याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाते.

विल्स १९३३ पर्यंत प्रामुख्याने भारतात कार्यरत होत्या. नंतर त्या रॉयल फ्री रुग्णालयात परतल्या व १९४७ मध्ये निवृत्त झाल्या. त्या अविवाहित राहिल्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. भारत सरकारने १९७० मध्ये लोह-फॉलिक गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. मुंबईतील गरीब मातांच्या आजारातून लागलेला हा शोध अशा रीतीने खेड्यापाड्यांतील मातांपर्यंत पोहोचला.