डाळीतील प्रथिनांचा वेध घेणाऱ्या कमला सोहोनी

जळगाव - ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची कळण्याची भाकरी जळगाव-धुळ्याच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या थापली जाते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते उडीद पुरवितो. उडदात मेथिओनिन कमी असते, ती उणीव ज्वारी भरून काढते. धान्यात प्रथिने किती आहेत, यापेक्षा त्यांतील किती अंगी लागतात, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. स्वयंपाकघराने अनुभवाने हाताळलेला हा प्रश्न ज्यांनी प्रयोगशाळेत नेला, त्यांत डॉ. कमला सोहोनी यांचे नाव अग्रभागी आहे.

पूर्वाश्रमीच्या कमला भागवत यांचा जन्म १९११ मध्ये इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, तर ज्येष्ठ विदुषी दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी संशोधनासाठी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे संचालक, नोबेल विजेते सी. व्ही. रामन यांनी तो केवळ त्या स्त्री असल्यामुळे नाकारला. कमलाताईंनी सत्याग्रहाचा मार्ग पत्करला. अखेर प्रवेश मिळाला. पण तोही अटींवर. पहिले वर्ष उमेदवारीचे असेल, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल आणि सहकारी पुरुषांचे लक्ष विचलित होता कामा नये! या अपमानाचा सल त्यांच्या मनात अखेरपर्यंत राहिला. वर्षभरातील त्यांचे काम पाहून मात्र रामन यांना आपले मत बदलावे लागले.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व डाळींतील प्रथिनांचा अभ्यास केला आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. पदवी मिळविली. पुढे त्या केंब्रिज येथे गेल्या. ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल शोधणारे फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स तेथे होते. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे प्रथिन असते, हे बटाट्यावरील प्रयोगांतून दाखवून त्यांनी अवघ्या काही पानांचा प्रबंध सादर केला. विज्ञानात पीएच.डी. मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांची गणना होते. १९३९ मध्ये त्या मायदेशी परतल्या.

दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय व कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम केल्यानंतर, १९४७ मध्ये विवाह होऊन त्या मुंबईत आल्या. विज्ञान संस्थेत त्यांनी पुन्हा कडधान्ये हाती घेतली. खाल्लेल्या प्रथिनांचे जठरात पेप्सिन आणि लहान आतड्यात ट्रिप्सिन तुकडे करते. त्यातून सुटलेल्या अमिनो आम्लांपासून शरीर स्नायू, पाचकरसांतील विकरे व प्रतिपिंडे घडविते. चरबीप्रमाणे त्यांचा साठा होत नाही. जास्तीच्या आम्लांतील नत्राचा यकृतात युरिया बनतो व मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. कच्च्या कडधान्यांत मात्र ट्रिप्सिनलाच अडविणारे घटक असतात. १९५० च्या दशकात कमलाताई व त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांतील या घटकांवर शोधनिबंध प्रसिद्ध केले. डाळ नीट शिजविली, की या घटकांचा जोर बराच ओसरतो. ज्यांच्या ताटात दूध-मांस क्वचितच येते, त्यांच्यासाठी ही माहिती मोलाची होती.

राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवरही संशोधन केले. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक लाभले. विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना काही वर्षे विलंबानेच मिळाले. निवृत्तीनंतर त्यांनी ग्राहक चळवळीत अन्नभेसळीविरुद्ध काम केले.

१९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार आयोजित केला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या व काही काळातच त्यांचे निधन झाले. ज्या विज्ञानाच्या दारात त्यांना एकदा अडविण्यात आले होते, त्याच विज्ञानाच्या व्यासपीठावर त्यांच्या आयुष्याची अखेर झाली. गरिबाच्या ताटातील डाळीकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याची त्यांनी घालून दिलेली वाट मात्र आजही उपयोगाची आहे.