ऋणको विद्यार्थी

मार्गशीर्ष महिन्यात म्हसवडच्या श्रीसिद्धनाथाचा रथ निघतो, त्या सुमारास पोटासाठी परगावी गेलेली माणदेशातील माणसे घराकडे परततात. कोणी गलाईच्या धंद्यात दूरदेशी स्थिरावलेला असतो, तर कोणी मुंबईस चाकरी करीत असतो. देवदर्शन आटोपले की अशा माणसाचे दुसरे काम ठरलेले असते. जाताना ज्याच्याकडून उसने घेतले त्याचे घर गाठावयाचे, आणि कनवटीची रक्कम त्याच्यापुढे ठेवावयाची. परमुलखात त्याने किती मिळविले, यापेक्षा परत आल्यावर त्याने देणे कसे फेडले, यावरून गाव त्याची पारख करते. पावसाने नित्य दगा दिलेल्या या मुलखात कर्ज या शब्दाचा अर्थ लहान मुलासही शिकवावा लागत नाही.

याच मुलखाच्या शेजारी ज्याचे बालपण काही काळ गेले, आणि ज्याने परदेशी विद्या मिळविण्यासाठी कर्जाचा डोंगर डोक्यावर घेतला, अशा एका थोर पुरुषाच्या चरित्राचा एकच भाग येथे सांगावयाचा आहे. ते पुरुष म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर होत. घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांना सर्व जण ओळखतात. परंतु विलायतेहून परतल्यावर देणेकऱ्यांची यादी समोर घेऊन बसलेले आंबेडकर आपणा विद्यार्थ्यांना फारसे परिचित नाहीत.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळाने हे कुटुंब साताऱ्यास आले. तेथेच भीमरावांची मातोश्री निवर्तली, आणि तेथील सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव दाखल झाले. त्या सुमारास खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळपीडितांना काम मिळावे म्हणून तलाव बांधण्याचे काम चालू होते. रामजी तेथे खजिनदार होते. आपल्याकडील राजेवाडीचा तलावही अशाच दुष्काळी कामातून उभा राहिला, हे ध्यानी घेतले म्हणजे तो देखावा डोळ्यांपुढे आणणे आपणास कठीण नाही. सन १९०१ च्या उन्हाळ्यात भीमराव, त्यांचे बंधू व भाचे पित्याच्या भेटीस निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले. मुले अस्पृश्य आहेत हे कळताच कोणी गाडीवान गाडी देईना. शेवटी दुप्पट भाडे देण्याचे ठरले, मुलांनीच गाडी हाकावी आणि गाडीवानाने पायी चालावे असा करार झाला, व पाण्याच्या घोटावाचून ती रात्र काढावी लागली. ज्या गोष्टीस इतरांना एक रुपया पडतो, तिला आपणास दोन पडतात, हा व्यवहार त्या दहा वर्षांच्या मुलाने तेथेच शिकला. पुढील आयुष्यात हाच हिशेब त्याला वारंवार करावा लागला.

मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असता बडोद्याचे महाराज श्रीसयाजीराव गायकवाड यांनी भीमरावांस दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पदवी मिळाल्यावर १९१३ साली महाराजांनीच त्यांना अमेरिकेस पाठविले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अहोरात्र अभ्यास केला. खाण्यापिण्यातून वाचविलेला पैसा ते जुन्या पुस्तकांवर खर्च करीत. १९१५ साली एम्. ए. झाल्यावर, व डॉक्टरेटचा प्रबंध तयार केल्यावर, १९१६ साली ते लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्र आणि कायदा या दोहोंचाही अभ्यास त्यांनी आरंभिला. इतक्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि अभ्यास अर्धा टाकून ऑगस्ट १९१७ मध्ये त्यांना स्वदेशी परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती शत्रूच्या पाणतीराने बुडाली. त्या नुकसानीपोटी सहाशे रुपये मिळाले, आणि त्यांतूनच बडोद्यास जाण्याचा खर्च भागला. दैवाची केवढी ही विचित्र गती! करार पाळण्यासाठी लागणारे वाटखर्चाचे पैसेही बुडालेल्या सामानाने पुरवावे!

बडोद्यास त्यांची नेमणूक महाराजांचे लष्करी चिटणीस म्हणून झाली. परंतु कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून फेकीत, व पिण्यास पाणी मिळेना. शहरात राहावयास कोणी जागा देईना, म्हणून नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून हुसकून लावले. दिवसभर ते सार्वजनिक बागेत बसून राहिले, आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. दहा वर्षांच्या कराराची नोकरी अशा रीतीने थोडक्या दिवसांत आटोपली.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि त्याकडे आपण डोळेझाक करता कामा नये. करार मोडला हे खरे. परंतु तो मोडला कोणी? ज्याने सही केली तो तर कामावर हजर झाला होता. राहण्यास छप्पर व पिण्यास पाणी न देणाऱ्या नगराने त्याला नोकरी करणे अशक्य केले. तथापि कागद माणसाची हकीकत विचारीत नाही. संस्थानाच्या दप्तरी भीमराव रामजी आंबेडकर हे ऋणको म्हणून नोंदले गेले, आणि शिक्षणावर झालेल्या खर्चाची मागणी त्यांच्याकडे सुरू झाली. ती रक्कम वीस हजार रुपयांच्या घरात होती. त्या काळी एखाद्या शाळामास्तरास ती जन्मभर मिळवूनही शिल्लक पडली नसती.

मुंबईस परत आल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या, व्यापाऱ्यांना शेअरबाजाराविषयी सल्ला देण्याचे कामही करून पाहिले. परंतु सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांना दरमहा साडेचारशे रुपयांची जागा मिळाली. एवढा पगार हाती आला म्हणजे सामान्य माणूस प्रथम बिऱ्हाड बदलतो. आंबेडकरांनी परळच्या चाळीतील दोन खोल्या सोडल्या नाहीत. घरखर्चाची ठरावीक रक्कम ते पत्नी रमाबाई यांच्या हाती देत, आणि उरलेला पैसा लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी बाजूला ठेवीत.

जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. शिल्लक पुरेशी नव्हती. त्यांचे पारशी स्नेही नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, व कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनीही द्रव्यसाहाय्य केले. बडोद्यास ज्या समाजातील माणसांनी लाठ्या घेऊन त्यांना बाहेर काढले, त्याच समाजातील एका मित्राने त्यांच्यासाठी आपली थैली मोकळी केली, ही गोष्ट मनात साठवून ठेवण्यासारखी आहे. एका जमावाच्या वर्तनावरून साऱ्या समाजाला मोजू नये, हा धडा तिच्यात आहे.

लंडनमधील त्यांचे दिवस उपासमारीचे होते. सकाळी घरमालकिणीने दिलेला अपुरा फराळ करून ते ग्रंथालय गाठीत, आणि ते बंद होईपर्यंत तेथून हलत नसत. रात्री भूक अनावर झाली म्हणजे एका स्नेह्याने दिलेले पापड भाजून खात व पुन्हा वाचावयास बसत. तिकडे परळच्या चाळीत रमाबाई तशाच ओढगस्तीत संसार रेटीत होत्या. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार बाळपणीच गेली; एकटे यशवंत तेवढे वाढले. पतीच्या विद्येचे मोल या साध्वीने आपल्या देहाने दिले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९२१ साली ते एम्. एस्सी. झाले व १९२२ साली बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी डी. एस्सी. पदवीसाठी सादर केला. परीक्षकांनी तो फेरफार करून पुन्हा मागितला. परंतु लंडनमध्ये आणखी राहण्यास पैसा उरला नव्हता. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, आणि तेथूनच सुधारलेला प्रबंध पाठवून त्यांनी त्याच वर्षी ती पदवी मिळविली. ज्याने रुपयाच्या किमतीची मीमांसा जगातील पंडितांपुढे मांडली, त्याच्या स्वतःच्या खिशात त्या वेळी वकिलीची सनद काढण्याइतकेही रुपये नव्हते! पुन्हा भथेना यांनीच ते दिले. अशा रीतीने नव्या जीवनाचा पहिला दिवसही नव्या कर्जानेच उगवला.

वकिली सुरू झाली, पण सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टराकडे काम देईनात. गरिबांचे लहानसहान खटले, जिल्ह्याच्या कोर्टांतील फेऱ्या, असा तो काळ होता. १९२५ पासून सुमारे तीन वर्षे बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या शिक्षणसंस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी मिळकतीस जोड दिली. १९२६ साली केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर प्रभृतींच्या बाजूने त्यांनी पुण्याचा गाजलेला अब्रूनुकसानीचा खटला जिंकला, तेव्हा त्यांच्या वकिलीचे नाव झाले. १९२८ साली सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. परंतु या सर्व काळात, एका हाताने देणी भागवीत असता, दुसऱ्या हाताने त्यांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली, आणि १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. आधी कर्ज फेडीन आणि मग समाजकार्य करीन, असे ते म्हणाले असते, तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती. पण मग ते तळे आणखी किती वर्षे बंद राहिले असते!

बडोद्याच्या मागणीबाबत त्यांची वर्तणूक विशेष मननीय आहे. झालेल्या अपमानाचे निमित्त करून त्यांनी देणे झुगारून दिले नाही. ऐपत येईपर्यंत मुदत मागितली. पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला, आणि पुढे ती मागणी मागे पडली. पण ती अद्याप डोक्यावर असतानाच, १९२५ साली, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच ग्रंथाच्या बळावर कोलंबिया विद्यापीठाने १९२७ साली त्यांना पीएच्. डी. ही पदवी दिली. हा ग्रंथ त्यांनी कोणास अर्पण केला? शिक्षणास साहाय्य केल्याच्या कृतज्ञतेपोटी, श्रीसयाजीराव महाराजांस. संस्थानाचे दप्तर रुपयांचा तगादा लावीत होते, आणि ऋणको त्या संस्थानच्या अधिपतीस आपल्या विद्येचे फळ अर्पण करीत होता. बडोद्याच्या कचेरीने जे केले त्याचे माप महाराजांच्या पदरात घालावयाचे नाही, एवढा विवेक ज्यास राहतो, तोच खरा कृतज्ञ होय. पुढे प्रसिद्ध झालेला पाकिस्तानविषयक ग्रंथ त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केला. रमाबाई १९३५ च्या मे महिन्यात निवर्तल्या होत्या. त्यांचे ऋण फेडावयास दुसरा मार्गच उरला नव्हता.

कर्जाने त्यांचा पिच्छा पुढेही सोडला नाही. मुंबईस त्यांनी दोन घरे बांधली होती. त्यांपैकी चार मीनार नावाचे घर देणी भागविण्यासाठी व पुस्तके घेण्यासाठी त्यांनी १९४१ साली विकून टाकले. राजगृह मात्र पुस्तकांसाठीच बांधलेले होते, ते राहिले.

याहून मोठे एक देणे त्यांच्या मनात सदैव जागे होते. आपणास दुसऱ्यांच्या पैशाने विद्या मिळाली. आता आपल्यामागून येणाऱ्यांस ती मिळालीच पाहिजे, ही ती जाणीव. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळविल्या, आणि त्यांतून काही तरुण परदेशीही गेले. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिचे सिद्धार्थ कॉलेज १९४६ साली मुंबईस, व दुसरे कॉलेज १९५० साली औरंगाबादेस निघाले. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते निवर्तले, तेव्हा त्या कॉलेजांतून शेकडो मुले शिकत होती.

बालमित्रांनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या शिक्षणामागेही कोणाचे तरी उसने पैसे आहेत. कोणाच्या बापाने शेरडे विकली असतील, कोणाच्या आईने दागिना गहाण ठेवला असेल. उद्या आपण शिकून दूर जाऊ, आणि एखाद्या मार्गशीर्षात रथाच्या वेळी म्हसवडला परत येऊ. ज्याचे जेवढे घेतले त्याचे तेवढे परत करणे हा पहिला धर्म. तो चुकवून मोठेपण येत नाही. परंतु जे पैशाने फिटत नाही, ते देणे ज्याचे घेतले त्यासच परत करता येत नाही. गोरेगावच्या वाटेवर ज्या मुलास कोणी पाणी दिले नाही, त्याने मोठेपणी साऱ्यांसाठी तळे मोकळे केले. ज्यास आपल्याकडून काहीच येणे नाही अशा मागच्या मुलास हात देणे, हीच अशा ऋणाची फेड होय.