वुड्रो विल्सन : न झालेली परीक्षा

पक्षाघातातून वाचलेला रुग्ण नीट बोलू लागला, की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. परंतु वाचा शाबूत म्हणजे विचारशक्तीही शाबूत, हे समीकरण किती फसवे असू शकते, याचे इतिहासातील ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेचे २८ वे अध्यक्ष वुड्रो विल्सन.

२८ डिसेंबर १८५६ रोजी व्हर्जिनियातील स्टॉन्टन येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी विल्सन यांचा जन्म झाला. प्राध्यापक, प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष, न्यू जर्सीचे गव्हर्नर अशा पायऱ्या चढत १९१३ मध्ये ते व्हाइट हाउसमध्ये पोहोचले. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाची स्थापना हे त्यांनी आपले जीवितकार्य मानले. त्याला सिनेटमध्ये विरोध होता. म्हणून सप्टेंबर १९१९ मध्ये जनमत वळवण्यासाठी ते रेल्वेने देशाच्या दौऱ्यावर निघाले. २५ सप्टेंबरला कोलोराडोतील प्वेब्लो येथील भाषणानंतर त्यांची प्रकृती ढासळली आणि दौरा अर्धवट सोडावा लागला. २ ऑक्टोबरला व्हाइट हाउसमध्ये त्यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला. शरीराची डावी बाजू लुळी पडली.

पत्नी एडिथ आणि डॉक्टर कॅरी ग्रेसन यांनी आजाराचे खरे स्वरूप जनतेपासून दडवले. परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लान्सिंग यांनी अध्यक्षांच्या असमर्थतेचा प्रश्न मंत्रिमंडळात उपस्थित केला. मात्र तसे प्रमाणित करण्यास ग्रेसन यांनी नकार दिला. फेब्रुवारी १९२० मध्ये लान्सिंग यांनाच पद सोडावे लागले.

अध्यक्षांची एकच ‘परीक्षा’ झाली आणि ती राजकारण्यांनी घेतली. ५ डिसेंबर १९१९ रोजी अल्बर्ट फॉल आणि गिल्बर्ट हिचकॉक हे दोन सिनेटर मेक्सिकोच्या प्रश्नाचे निमित्त करून त्यांना भेटले. विल्सन यांचा डावा हात पांघरुणाखाली झाकलेला होता, तर कागदपत्रे उजव्या हाताशी ठेवली होती. अध्यक्ष मुद्देसूद बोलले, त्यांनी विनोदही केले. त्यांची बुद्धी तल्लख असल्याचा निर्वाळा देत दोघे बाहेर पडले.

खरी गोम इथेच होती. बहुतेक माणसांत भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या भागात असतात. विल्सन यांची इजा उजव्या भागात होती. अशा रुग्णाची भाषा टिकते. पण डावीकडील गोष्टींचे भान, एकाग्रता आणि स्वतःच्या आजाराची जाणीव हरपू शकते. गप्पांमधून हे उमगत नाही. त्यासाठी आज रुग्णाला घड्याळाचे चित्र काढायला सांगतात, कागदभर विखुरलेल्या खुणा खोडायला लावतात, शब्द आठवायला सांगतात. डावीकडचे भान हरपलेला रुग्ण कधी कधी घड्याळाचे सगळे आकडे उजवीकडेच दाटीवाटीने लिहितो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली मॉन्ट्रियल चाचणी ३० गुणांची असून काही मिनिटांत होते. विल्सन यांच्या काळात अशी साधने प्रचलित नव्हती.

सिनेटमधील विरोधकांच्या दुरुस्त्या स्वीकारण्यास विल्सन यांनी ठाम नकार दिला. १९ मार्च १९२० रोजी शांतता करार ४९ विरुद्ध ३५ मतांनी, म्हणजे दोन तृतीयांश बहुमताला सात मते कमी पडून फेटाळला गेला. अमेरिका राष्ट्रसंघाबाहेरच राहिली. विल्सन मुळातच हट्टी होते, त्यामुळे या नकारात आजाराचा वाटा किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. तथापि अंथरुणाला खिळलेला हा नेता तिसऱ्यांदा अध्यक्ष होण्याची आशा बाळगून होता, ही बाब बोलकी आहे. ३ फेब्रुवारी १९२४ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

अध्यक्ष असमर्थ ठरल्यास काय करावे, याची तरतूद अमेरिकेने १९६७ मध्ये २५ व्या घटनादुरुस्तीने केली. तो निर्णय उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळाच्या बहुमतावर सोपवण्यात आला. मात्र त्याआधी कोणती वैद्यकीय तपासणी व्हावी, हे त्या दुरुस्तीतही सांगितलेले नाही.